'वाचायलाच हव्यात अशा 50 मराठी कादंबऱ्या' : ही यादी वापरून पाहिल्यावर

ही यादी तुमच्याही फोनवर एकदा तरी येऊन गेली असणार. कुणी केली, कधी केली, काही पत्ता नाही. वर ठळक अक्षरांत मथळा, खाली क्रमांक आणि नावं, शेवटी 'आवडल्यास पुढे पाठवा'. आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकली तेव्हा सगळ्यांनी खाली अंगठे उमटवले आणि विषय तिथेच संपला. मी मात्र गेल्या दिवाळीत तिची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि तेव्हापासून ती खरोखर वापरते आहे. पाचपैकी तीन तारे देईन. नावांना साडेचार, क्रमाला एक.

क्रमाचं आधी सांगते. पहिल्या दहांत 'स्वामी', 'मृत्युंजय', 'छावा', 'ययाति', 'श्रीमान योगी', 'पानिपत'. यातलं एकही पुस्तक वाईट नाही, पण ती सापडायला यादी कशाला हवी? कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात पहिल्याच टेबलावर असतात. 'धग' चाळिशीत, 'सावित्री' त्याच्याही खाली. 'बटाट्याची चाळ' कादंबरी नाही हे यादी करणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. कुणाचं नाव किती जणांच्या तोंडी आहे, एवढ्यावरच हा क्रम लागलेला दिसतो.

वरून खाली वाचत जाण्याचा प्रयोग काही आठवडे केला. एकामागून एक तीन ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्यावर सगळ्यांतले दरबार एकमेकांत मिसळायला लागले. मग प्रत्येक नावापुढे पहिल्या प्रकाशनाचं साल लिहून काढलं आणि यादीचा चेहराच बदलला. 'स्वामी' 1962 ची. 'रथचक्र' 1962 ची. 'सावित्री'ही 1962 चीच. 'कोसला' 1963. एका बाजूला माधवराव पेशव्यांचा शनिवारवाडा, दुसरीकडे कोकणातली एक बाई जिला लेखकाने शेवटपर्यंत नाव दिलेलं नाही, तिसरीकडे फक्त पत्रांतून उलगडणारी सावित्री, आणि लगेच पुढच्या वर्षी पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, जो यातल्या कुणाशीच बोलला नसता. ही पुस्तकं एकाच काळात दुकानांत मांडलेली होती. अनुक्रमे 1, 17, 44 आणि 9 असे आकडे लावले की हे दिसेनासं होतं.

तेव्हापासून मी यादी जोड्यांनी वाचते. एक पुस्तक संपलं की त्याच्याशी भांडणारं किंवा नातं सांगणारं दुसरं शोधायचं. यादी तिथून पुढे कामाला आली.

पहिली जोडी दोन यमुनांची. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत पाठ केलेली. तिच्यात यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखं ऐकते. मध्येमध्ये उपदेश इतका येतो की पानं उलटावीशी वाटतात, पण विधवांच्या हकिगती मात्र खऱ्या आवाजात आहेत. तीसेक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' आली आणि तिच्याही नायिकेचं नाव यमुना. इथे ती दुसऱ्यांची दुःखं ऐकत फिरत नाही, आपलीच कहाणी आपल्या तोंडाने सांगते. लिहिणारा पुरुष आहे हे दहा पानांत विसरायला होतं. शंकरमामंजींसारखा सोवळ्यातला ढोंगी माणूस इतका ओळखीचा वाटतो की आपल्या नात्यातलं एखादं नाव आठवल्याशिवाय राहत नाही (आमच्या नात्यातलं आहे, सांगणार नाही).

या कादंबरीची लांबी बघून पुष्कळ जण घाबरतात. ती 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, म्हणजे मुळात वाचकांनी ती आठवड्याआठवड्याने वाचली. मीही तशीच वाचली, रात्री एखाद-दुसरं प्रकरण, मध्ये दोन दिवस काहीच नाही. सलग बसून वाचली असती तर यमुनेच्या मैत्रिणीचे, दुर्गीचे हाल वाचून वैतागून सोडली असती. पुस्तक कोणत्या वेगाने वाचावं हे कुठलीच यादी सांगत नाही.

आणि विकत घेताना आवृत्ती बघा. हरिभाऊ 1919 साली गेले, त्यांच्या लेखनावरचे हक्क कधीच संपले, त्यामुळे कुणीही छापू शकतं आणि छापतंही. मी ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत संक्षिप्त निघाली. मुखपृष्ठावर तसा एक शब्द नाही, आत प्रस्तावनेच्या शेवटी बारीक ओळ. परत पाठवली. दुसरी पूर्ण होती, पण छपाईच्या चुका अशा की काही वाक्यांत कोण कोणाला बोलतंय ते अंदाजाने ठरवावं लागलं. शेवटी ग्रंथालयातली जुनी, पिवळी पडलेली प्रतच वाचली.

माझी सगळ्यात आवडती जोडी यादीत अर्धीच आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' यादीत आहे, आणि असायलाच हवी. 1939 ची, लहानशी, दोन-तीन बैठकांत संपणारी. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारं जहाज, त्यावर जर्मनीतून निसटलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत हे लिहिलं गेलं. हे वाचून झाल्यावर काही दिवस दुसरं काही हातात धरवलं नाही. पण याच बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजे विभावरी शिरूरकर, यादीत कुठेच नाहीत. ज्या टोपणनावामागे कोण आहे यावरून 1933 च्या 'कळ्यांचे निःश्वास' नंतर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, ते नाव पन्नासात बसलं नाही!

'रणांगण'नंतर मी मालतीबाईंची 'बळी' वाचली. 1950 ची. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवणाऱ्या वसाहतींचं हे जग. मालतीबाईंनी अशा वसाहतीच्या खात्यात नोकरी केली होती, त्यामुळे हजेरी, शिक्षा, पोटाची तजवीज यांचे तपशील ऐकीव वाटत नाहीत. नवऱ्याच्या पुस्तकात जहाज आहे, बायकोच्या पुस्तकात कुंपण. दोन्हीकडची माणसं कुणाच्या तरी कागदावर नकोशी ठरलेली. यादी करणाऱ्याने ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली असती तर मी त्याला चौथा तारा दिला असता.

स्त्रियांचा एकूणच दुष्काळ आहे. कमल देसाई नाहीत, गौरी देशपांडे नाहीत. प्रिंटवर मी ही नावं पेनने लिहिली आहेत.

तिसरी जोडी 'धग' आणि 'रथचक्र'. उद्धव शेळक्यांची कौतिक वऱ्हाडातली, पेंडश्यांची 'ती' कोकणातली. दोघींना मुलं शिकवायची आहेत, दोघींच्या पाठीशी नवऱ्याचा आधार नाही. 'धग'मधली बोली पहिली वीस-पंचवीस पानं जड जाते, 'मले', 'तुले' कानाला सवयीचं नसेल तर. उपाय सोपा आहे: संवाद मोठ्याने वाचा. डोळ्यांना जे अडतं ते कानाला अडत नाही. कौतिक मला जास्त खरी वाटली, कारण शेळके तिची कीव करत नाहीत. पेंडसे अधूनमधून करतात, असं माझं मत. घरात यावर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही.

'बनगरवाडी' आणि 'कोसला' ही जोडी उलटसुलट दिशांची: एकीत शिकलेला पोरगा मास्तर होऊन धनगरांच्या वाडीत जातो, दुसरीत गावचा पोरगा शिकायला शहरात येतो आणि हात हलवत परततो. 'कोसला'तलं पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण एकटं असताना वाचा. बाकीचं कुठेही वाचलं तरी चालेल, लोकलमध्ये हसू आलं तर आलं.

'तुंबाडचे खोत'ला जोडीची गरज नाही. दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठच्या खोतांच्या चार पिढ्या. हे पुस्तक मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा आणि पहिल्या दिवसापासून कोऱ्या कागदावर वंशावळ लिहीत चला, नाहीतर दुसऱ्या खंडात कोण कुणाचा नातू यातच संध्याकाळ जाते. 'फकिरा' मात्र एका दमात झाली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे, आणि वाचताना ते पहिलं पान पुन्हा उघडून पाहावंसं वाटतं.

'ययाति' मला झेपली नाही. ज्ञानपीठ मिळालेल्या पुस्तकाबद्दल असं बोलायचं नसतं म्हणे, पण प्रत्येक पात्र सुभाषितांत बोलायला लागलं की माझं लक्ष खिडकीबाहेर जातं.

ही यादी कुणाला उपयोगी पडेल? ज्यांचं मराठी वाचन शाळेनंतर सुटलं आणि पुन्हा धरायचं आहे, त्यांना नक्की. त्यांनी पहिल्या क्रमांकाऐवजी 'बनगरवाडी' किंवा 'रणांगण' यांपासून सुरुवात करावी, दोन्ही बारीक आहेत. मुरलेल्या वाचकांना यात नवं फारसं नाही, पण साल टाकून क्रम मोडायचा खेळ त्यांनीही करून बघावा. बरीच पुस्तकं नव्याने छापलेली मिळतात. मिळत नाहीत त्यांच्यासाठी गावातल्या जुन्या ग्रंथालयाची वर्गणी भरा, महिन्याच्या डेटा पॅकपेक्षा ती स्वस्त पडते.

सध्या माझ्याकडे 1971 ची जोडी चालू आहे, आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा'. 'गोतावळा' अर्धी झाली. नारबाला सख्खं कुणी नाही, शेतावरची जनावरंच त्याचा गोतावळा, आणि मालकाला हवाय ट्रॅक्टर. 'पाचोळा' ग्रंथालयात दुसऱ्या कुणी नेली आहे आणि मुदत उलटून गेली तरी आणून दिलेली नाही. हा मजकूर त्या माणसाच्या वाचनात आला तर कृपया शनिवारपर्यंत जमा करावी.