पेपर, परवाना की स्वतःची कंपनी? विद्यापीठात लागलेल्या औषधाच्या शोधाचं पुढे काय करायचं

प्रयोगशाळेत काहीतरी हाती लागलंय. नवा रेणू असेल, तपासणीचं किट असेल, एखाद्या जुन्या गोळीचा नवा उपयोग असेल. गाईड म्हणतात आधी पेपर पाठवू. आयपी सेल, म्हणजे विद्यापीठाचा पेटंटचं काम बघणारा विभाग, म्हणतो आधी पेटंटचा अर्ज करा, महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालात दाखवता येईल. आणि परिषदेत भेटलेला एका औषध कंपनीचा माणूस कार्ड देऊन गेलाय. अशा वेळी ठरवायला बसलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या गाईडसाठी आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांसाठी हा आढावा आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पेटंट घ्यावं की घेऊ नये यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. पण औषध रुग्णापर्यंत कुठल्या किमतीत पोचणार, हे बहुतेक वेळा त्यानंतरच्या परवान्याच्या, म्हणजे कंपनीला पेटंट वापरायची परवानगी देणाऱ्या, करारात ठरतं. तो करार वाचायला मात्र कुणी बसत नाही.

आधी बघा, हातात नक्की काय आहे

भारतात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(आय)नुसार माणसावरच्या औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची किंवा रोगनिदानाची पद्धत हा 'शोध' धरलाच जात नाही. टाके घालण्याची नवी पद्धत शोधलीत तर ती इथे सगळ्यांची. त्यासाठी बनवलेलं उपकरण मात्र तुमचं होऊ शकतं. नवा रेणू, किट, इम्प्लांट यांना दार उघडं आहे. २००५ पासून औषधाच्या रेणूलाही पेटंट मिळतं. त्याआधी फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला मिळायचं.

जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडला असेल तर कलम ३(डी) आडवं येतं. माहीत असलेल्या पदार्थाचा केवळ नवा उपयोग इथे चालत नाही. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप असेल, तर त्याचा गुण लक्षणीय वाढल्याचं दाखवावं लागतं. ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधावर नोव्हार्टिसचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला फेटाळला, तो याच कलमावर. अमेरिकेत मात्र उपचाराच्या पद्धतीवरही पेटंट मिळतं. त्यामुळे जुन्या गोळीच्या नव्या उपयोगाबाबत खरा प्रश्न असा, की परदेशी अर्जाचा लाखांतला खर्च कोण करणार. कुणी करणार नसेल तर पेपर छापा आणि पुढच्या कामाला लागा.

आयुर्वेदातल्या पाठावर काम असेल तर आणखी सावध राहा. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये पेटंट मिळालं होतं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं, तेव्हाचे महासंचालक गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात, त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३चा लेख पुरावा म्हणून ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या कायद्यातही पारंपरिक ज्ञान कलम ३(पी)नं वगळलंय. शिवाय देशातली वनस्पती किंवा जंतू वापरले असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया वेगळी पार पाडावी लागते. ती शेवटी आठवली की सगळा अर्ज अडकून बसतो.

आधी पेपर की आधी अर्ज

इथे माझ्या मते वादाला जागा नाही. आधी अर्ज, मग पेपर, आणि दोन्हींत महिनाभराचंही अंतर लागत नाही.

स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं कापून जोडण्याची पद्धत नोव्हेंबर १९७३ मध्ये पेपरात छापली. अर्ज झाला ४ नोव्हेंबर १९७४ ला. अमेरिकेत छापल्यापासून वर्षभराची सवलत असते, म्हणून तिथे तो जेमतेम वेळेत बसला. बाकीच्या जगात हक्क गेला, कारण युरोपसारख्या ठिकाणी आधी छापलेली गोष्ट नवी मानत नाहीत. भारतातही सूट फार अरुंद आहे. ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना ती मिळते. तिच्या भरवशावर राहू नका.

'छापणं' म्हणजे फक्त जर्नल नव्हे. परिषदेतलं पोस्टर, पोस्टरसोबतचा गोषवारा, शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारावर चढलेला प्रबंध, खुल्या व्हायवातलं सादरीकरण, हे सगळं त्यात येतं. पोस्टरवर रेणूची रचना काढून ठेवली आणि समोरच्यानं मोबाईलनं फोटो घेतला, की शोध उघड झाल्याची तारीख लागली.

उपाय स्वस्त आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता अर्ज करा, तारीख धरा, पेपर पाठवा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि परदेशी अर्जाची खिडकीही त्याच १२ महिन्यांची. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून सरकारी फीमध्ये ८० टक्के सूट आहे. ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे ४,०००. पेटंट एजंटची फी वेगळी, आणि खरा खर्च तोच. त्यात काटकसर करू नका. नक्की कशावर हक्क हवा ते सांगणारे दावे ढिसाळ लिहिले, तर ते पुढे कुठलीच कंपनी घेत नाही. परदेशी विद्यापीठासोबत काम असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. इथे राहणाऱ्या संशोधकाला परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करता येत नाही. आधी भारतात करून सहा आठवडे थांबावं लागतं.

आणि अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्याला 'पेटंट मिळालं' म्हणू नका. महाविद्यालयांच्या भिंतींवर असे फलक फार झालेत, आणि विद्यार्थी ते खरे मानतात.

पेटंटच न घेणं

हा मार्ग मला मनापासून आवडतो, पण तो प्रत्येक शोधाला लागू होत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. त्यावर पेटंट नव्हतं आणि ते नसण्यानं काहीही अडलं नाही. पदार्थ जुने, बनवायला सोपे, आणि सरकारं व युनिसेफ वाटप करायला तयार.

याउलट नवा रेणू असेल तर प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, मग औषध नियंत्रकांची मान्यता. हा खर्च विद्यापीठ करू शकत नाही, आणि कुठलंच संरक्षण नसलेल्या रेणूवर कंपनी सहसा पैसे लावत नाही. तो पेपरातच राहतो. पुढचा खर्च मोठा असेल तर पेटंट नाकारणं हा त्याग वाटतो, पण रुग्णाच्या हाती काहीच येत नाही.

इन्शुलिनचं उदाहरण या दोहोंच्या मधलं आहे. टोरांटोत इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांना डॉक्टर म्हणून औषधावर पेटंट घेणं पटत नव्हतं. तरीही ते घेतलं गेलं, आणि संशोधकांनी एकेका डॉलरच्या मोबदल्यात विद्यापीठाच्या हवाली केलं. दुसऱ्या कुणी ते अडकवून ठेवू नये आणि भेसळीचा माल बाजारात येऊ नये, हा हेतू होता. विद्यापीठाची समिती परवाने देत असे आणि मालाची तपासणी करवून घेत असे. पेटंटचा असाही उपयोग होतो, हे आपल्या आयपी सेलमध्ये फारसं कुणी सांगत नाही.

एकाच कंपनीला परवाना

कंपन्यांना हाच हवा असतो, आणि महागड्या चाचण्या लागणाऱ्या औषधाला तो द्यावाही लागतो. धोका कुठे आहे ते येल विद्यापीठानं दाखवून दिलं. स्टॅव्ह्युडीन हे औषध एचआयव्हीवर चालतं हा शोध तिथे विल्यम प्रुसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. येलनं परवाना दिला ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला, एकहाती. पुढे आफ्रिकेत लाखो लोक एड्सनं मरत होते आणि हे औषध त्यांना परवडत नव्हतं. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या तिनांत एक स्टॅव्ह्युडीन होतं. त्याच सुमारास डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेनं येलला विचारलं, की दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषध आणू द्याल का. येलचं पहिलं उत्तर असं, की परवाना एकहाती आहे, आम्ही काही करू शकत नाही, कंपनीला विचारा.

पेटंट विद्यापीठाचं, आणि निर्णय विद्यापीठाच्या हातात नाही. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, प्रुसॉफ यांनी स्वतः जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, आणि मार्चमध्ये कंपनीनं दक्षिण आफ्रिकेत पेटंट न बजावण्याचं जाहीर केलं. हे सगळं करारातल्या एका ओळीनं आधीच झालं असतं. त्या ओळीवाचून किती माणसं गेली, याचा विचार करून मला आजही फार वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं एन्झाल्युटामाइड कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, अमेरिकी करदात्यांच्या पैशाच्या मदतीनं शोधलं गेलं. २०१६ मध्ये विद्यापीठानं आणि संशोधकांनी त्याच्या रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या वाट्याचा, हक्क विकला. एकूण सौदा ११४ कोटी डॉलरचा. त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयानं या औषधावरचा अर्ज फेटाळला, आणि विद्यापीठ दाद मागायला दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. सार्वजनिक विद्यापीठ भारतीय रुग्णांच्या स्वस्त औषधाविरुद्ध न्यायालयात उभं राहतं, तेव्हा कुठेतरी मूळ हेतू सुटलेला असतो.

'पुढे सरकार सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला दिलेला) देईल' यावर विसंबू नका. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधासाठी तो मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २.८ लाखांवरून ८,८८० रुपयांवर आला. पण त्यानंतर तसा दुसरा परवाना निघालेला नाही.

अनेकांना परवाना

तुमचा शोध औषध नसून औषध बनवण्याचं किंवा तपासणीचं साधन असेल, तर निःशंकपणे हाच मार्ग. कोहेन-बॉयर पद्धत स्टॅनफर्डनं मागेल त्या कंपनीला दिली, सुरुवातीची फी अवघी १०,००० डॉलर. ४६८ कंपन्यांनी घेतली आणि १९९७ च्या अखेरीस पेटंट संपेपर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर जमले. शिक्षणसंस्थांकडून पैसे घेतले नाहीत. नव्या रेणूला मात्र हा मार्ग क्वचितच जमतो. चाचण्यांचा खर्च एकानं करायचा आणि माल सगळ्यांनी विकायचा, याला कोण तयार होईल?

स्वतःची कंपनी

सगळ्यात कष्टाचा मार्ग, आणि आपल्याकडे त्याचं ताजं उदाहरण आहे. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांच्या गटानं टाटा मेमोरियलसोबत रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती तयार केली. रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारं जनुक घालायचं, आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावानं मान्यता मिळाली. कंपनी, इम्युनोॲक्ट, संस्थेतूनच निघालेली. पेनसिल्वेनिया विद्यापीठातली अशीच पद्धत नोव्हार्टिसला एकहाती गेली होती. २०१७ मध्ये तिची किंमत लागली ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी रुपये. नेक्सकार१९ सुरुवातीला साधारण ४० लाखांत.

४० लाखही सामान्य घराला झेपत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण किंमत ठरवणारे लोक इथले आहेत, रुग्णालय शेजारी आहे, आणि जनुक पेशीत नेणारा महागडा व्हेक्टर बाहेरून विकत न घेता स्वतः बनवल्यानं खर्च उतरला. सुरुवातीच्या पैशांसाठी केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. जागा आणि यंत्रांसाठी पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. गाईडला दहा वर्षं कंपनी चालवायची तयारी नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. उपकरण किंवा किट असेल तर वाट बरीच लहान, आणि पहिल्या प्रयत्नाला तीच योग्य.

सहीच्या आधी

नवा रेणू, एकच कंपनी आणि मोठ्या चाचण्या असा मामला असेल, तर माझा कौल एकहाती परवान्याला, पण अटींसकट. परवाना ठरावीक आजारापुरता द्या. तोच रेणू दुसऱ्या आजारावर चालला तर तो हक्क विद्यापीठाकडे राहू दे. कंपनीनं अमुक वर्षांत चाचणी सुरू केली नाही तर परवाना आपोआप परत, हे तारखांसकट लिहा, कारण बऱ्याच कंपन्या स्पर्धकाला मिळू नये म्हणून रेणू घेऊन फाईल बंद करतात. गरीब देशांत पेटंट बजावणार नाही आणि भारतातल्या सरकारी रुग्णालयांना उत्पादनखर्चाच्या जवळच्या दरात देऊ, या दोन ओळी वेगळ्या घाला. संशोधनासाठी वापरण्याचा हक्क राखून ठेवा. आणि ज्या विद्यार्थ्यानं प्रयोग केले त्याचं नाव शोधकांमध्ये आहे की नाही, ते अर्ज भरतानाच बघा. नंतर दुरुस्ती करणं त्रासाचं असतं.

कंपनी म्हणेल की अशा अटी कुणी घालत नाही. अमेरिकेतली कित्येक विद्यापीठं आता घालतात. तरीही कंपनी अडून बसली, तर पूर्ण परवान्याऐवजी सहा महिने ते वर्षाचा ऑप्शन करार द्या. तेवढ्या काळात तिनं स्वतःच्या खर्चानं रेणू तपासून बघावा, आणि तुम्ही दुसऱ्या दोन कंपन्यांशी बोलायची तयारी करून ठेवा.