भुसावळच्या मेमसाहेबांचं सेंट

जुन्या विदेशी सेंटच्या नावाखाली सध्या जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात एक जण फिरतोय. माझे २८,००० रुपये त्याच्याकडे गेलेत, ते परत यायचे तेव्हा येतील. तो माल कसा गळ्यात मारतो ते मात्र सेंट-अत्तराच्या शौकिनांना आत्ताच कळलेलं बरं.

सेंट होतं ‘जॉय’. पॅरिसच्या जाँ पातू कंपनीचं, १९३० सालचं, आँरी आल्मेरास यांनी तयार केलेलं. एका औंसाला चमेलीची १०,६०० फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात, असं कंपनीच सांगायची आणि ‘जगातलं सर्वांत महाग सेंट’ म्हणून जाहिरातही करायची. पुढे ही कंपनी या हातातून त्या हातात गेली. २०१८ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच उद्योगसमूहानं ती घेतली, जुनं जॉय बंद झालं आणि त्याच वर्षी त्याच समूहातल्या डिऑरनं ‘जॉय’ याच नावानं नवं सेंट काढलं. नाव तेवढं तेच, वासाचा काडीचा संबंध नाही. मूळ माल बंद झाल्यावर जुन्या बाटल्यांचे भाव चढले आणि हे महाशय धंद्याला लागले.

गोष्ट मात्र त्यानं झकास रचली होती. “ताई, रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन मॅडमचं कपाट आहे. साहेबांनी १९५४ साली विलायतेहून आणलं होतं. मॅडमनी सील पण नाही फोडलं. पोरं ऑस्ट्रेलियाला, आता नातवानं घर रिकामं केलं.” भुसावळ ज्याला माहीत आहे त्याला यात खटकण्यासारखं काही नाही. रेल्वेमुळे तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं होतीच आणि त्यातली कित्येक ऑस्ट्रेलियाला गेलीही. फोटोत बाटली, लाल बूच, मानेभोवती सोनेरी दोरा. सोबत “नवीन जॉय पण देतो, दोन्ही लावून फरक बघा” असं म्हणून डिऑरची छोटी कुपी फुकट देऊ केली. दोन वेगळी सेंटं एकमेकांशी ताडून बघायला सांगायची, म्हणजे ‘जुनं वेगळं लागतंय’ ही आपलीच खात्री पटते. डोकं चालवलंय, हे मान्य करावं लागेल.

५,००० टोकन आधी घेतले. बाकीचे भुसावळ स्टेशनवर, तो पुढच्या गाडीनं जाणार होता म्हणे. गाडी लागलेली, पार्सलला चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे आणि त्याचा मोबाइल क्यूआर कोड उघडून पुढे केलेला. फलाटावर कुणाला काही सोडून बघता येऊ नये, हाच त्यातला बेत. अशा मालाची देवघेव स्टेशनवर, बसस्टँडवर किंवा पेट्रोल पंपावर ठरवणाऱ्याला सरळ घरी बोलवा. नाही म्हणाला तर विषय संपला.

घरी डबा उघडला. तळाला किमतीची पांढरी चिठ्ठी, अगदी नीट चिकटवलेली. ती ओल्या कापसानं भिजवून सोलली तर खाली बारकोड आणि त्याच्या शेजारी मुंगीच्या अक्षरांत घटकांची यादी : लिनालूल, सिट्रोनेलॉल, जेरानिऑल. अ‍ॅलर्जी करू शकणारे २६ सुगंधी घटक डब्यावर नावानिशी छापण्याची सक्ती युरोपात २००५ पासूनची. बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो १९७४ साली, अमेरिकेत. १९५४ च्या डब्यावर या दोन्ही गोष्टी आल्या कुठून? डबा खोटा नव्हता बरं का. नंतरच्या काळातला, कंपनीचाच असावा. नंतरचं जॉय काही टाकाऊ नाही, पण त्याला १९५४ च्या बाटलीचा भाव कोण देईल?

बाटली घेऊन सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या काकांकडे गेले, त्यांचं भिंग हवं होतं म्हणून. काका मूळचे अमळनेरचे. त्यांनी बाटली डोळ्याशी धरली न धरली तोच म्हणाले, “ताई, हाऊ दोरा ते नवाच शे.” दोऱ्याखाली डिंकाचा चकचकीत ओघळ होता. बुचाच्या कडेला पाना लावल्याच्या खुणाही दिसल्या. म्हणजे बाटली उघडून, भरून, पुन्हा बांधलेली.

आत काय भरलंय ते वासानं सांगितलं. माझ्याकडे मस्कतहून आलेली नव्वदच्या दशकातली जॉयची अर्धी बाटली आहे. कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्हींचा एकेक थेंब टाकला. माझ्या बाटलीतल्या चमेलीला रात्रभर केसांत राहिलेल्या गजऱ्यासारखा किंचित कुबट, अंगाचा वास येतो. चमेलीत मुळातच इंडोल नावाचं द्रव्य असतं, त्याचा तो वास. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती पट्टी दरवळत होती. नव्या खरेदीची पट्टी आधी स्पिरिटसारखी नाकात गेली, मग पावडर, आणि जेवणं होईपर्यंत कोरा कागद.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट त्यानं पाठवलेल्या व्हिडिओतच दिसत होती. बाटली उजेडात धरल्याच्या व्हिडिओत आतलं पाणी फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं होतं. उन्हानं आणि उष्णतेनं सेंट गडद होतं, वरचे हलके वास आधी मरतात. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या वर जातो, त्या भुसावळात पत्र्याच्या कपाटात सत्तर उन्हाळे काढलेली बाटली कोवळ्या लिंबाच्या सरबतासारखी दिसेल? मेमसाहेबांच्या कपाटात बर्फ होता का? त्याला हे विचारलं तर आधी “मॅडम फार जपायच्या” असं उत्तर आलं आणि नंतर नंबर लागेनासा झाला.

हल्ली तीच बाटली देवळालीच्या एका पारशी बाईंची झाली आहे. नाशिकच्या एका ओळखीच्या बाईंना त्यानं फोटो पाठवला, त्यांनी मला दाखवला. डावीकडे टवका उडालेलं तेच लाल बूच, मागे तोच फुलाफुलांचा टेबलक्लॉथ.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जॉयचं साल आणि सायबर हेल्पलाइनचा नंबर एकच निघावा, हा योगायोग मला त्या दिवशी अजिबात गमतीचा वाटला नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, त्याचे व्हिडिओ आणि सोललेली चिठ्ठी, सगळं जपून ठेवा. माझी चिठ्ठी डब्यासकट पोलिसांकडे आहे. देवळालीच्या बाईंचा फोटो कुणाला आला असेल तर तोही पुसू नका, तपासाला लागेल.