आठवड्याचा मेनू: वार ठरवून की नुसती यादी करून?

मी दोन्ही करून बघितलंय. आधी वार ठरवून, म्हणजे सोमवारी हे, मंगळवारी ते, असं सातही दिवसांचं कागदावर लिहून फ्रीजला चिकटवायचे. याचा मोठा फायदा म्हणजे पूर्वतयारी, कडधान्य ८-१० तास भिजायला लागतं ना, तर आदल्या रात्री कागद बघितला की लक्षात येतं, आणि "आज काय करू" हा प्रश्नच संपतो. पण एक दिवस कुणी बाहेर जेवून आलं की पुढचं सगळं गाडं विस्कटतं, आणि शुक्रवारसाठी ठेवलेली पालेभाजी तोपर्यंत पार पिवळी पडलेली असते, जीव तुटतो अगदी!

दुसरी पद्धत, फक्त पाच-सहा पदार्थांची यादी, वार नाहीत. रोज त्यातलं एक करायचं आणि खोडायचं. नियम एकच, जे लवकर खराब होतं ते आधी, म्हणून पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, फ्लॉवर-कोबी मधे, बटाटे-कांदे-डाळी शेवटी. उरलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमधे जातं आणि ३-४ दिवसांत संपवायचं, म्हणून एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवते.

मला विचाराल तर यादीच बरी, वाया खूप कमी जातं. फक्त भिजवायचं राहून जातं खरं, त्यासाठी त्या पदार्थापुढे लाल पेनाने "आदल्या रात्री" लिहून ठेवते. घरात लहान मुलांचे डबे असतील तर मात्र डब्यांपुरते वार ठरवाच, सकाळी विचार करायला वेळच नसतो.