तिसरी-चौथीच्या वर्गात रेकॉर्डर: आठ महिने वाजवल्यावर

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, सातारा जिल्ह्याच्या डोंगरभागातली. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे, पट 19. गेल्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांच्या वर्गणीतून रेकॉर्डर घेतले आणि मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, शेवटच्या तासाला, वाजवले. दुसऱ्या कुणा शिक्षकाच्या मनात असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारखं सरळ तोंडात धरून वाजवायचं प्लॅस्टिकचं वाद्य. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक. गावात सगळे त्याला पिपाणीच म्हणतात.

शाळेत पेटी आहे, भजनी मंडळाने दिलेली. मी प्रार्थनेला वाजवते. पण पेटीवर एक मूल बसलं की अठराजण बघत राहतात, आणि दोन मिनिटांनी बघतही नाहीत. मला प्रत्येकाच्या हातात स्वतःचा सूर हवा होता. आडव्या बासरीचा विचार केला होता, पण तिच्यात फुंकेचा कोन सापडायलाच लहान मुलांना आठवडे जातात आणि तोवर निम्म्यांनी नाद सोडलेला असतो. रेकॉर्डर पहिल्याच फुंकेला वाजतो.

आणि तीच त्याची पहिली अडचण. वाजतो म्हणून मुलं जीव खाऊन फुंकतात आणि तो किंचाळतो. पहिला आठवडा पहिली-दुसरीच्या बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. मग मी सगळ्यांच्या नळ्या काढून घेतल्या आणि फक्त वरचा तोंडाचा तुकडा हातात ठेवला. कपातल्या गरम चहावर फुंकतो ना, तेवढीच फुंक. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला जिभेने हलकंच ‘तू’. चार दिवस हेच केलं. ते चार दिवस वर्षभर पुरले. घाईने हा टप्पा गाळू नका.

आता खरेदीत झालेली चूक. आधी पाचच नग मागवले होते. दुकानदाराने ‘नवशिक्यांना सोपी’ म्हणून जर्मन बोटांची जात दिली. रेकॉर्डर दोन जातींत मिळतो, जर्मन आणि बरोक. फरक मुख्यतः पांढरी चारच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या, सुरात आहे. जर्मन जातीत तो उजव्या हाताच्या एका तर्जनीने निघतो, बरोकमध्ये जास्त बोटं लागतात. म्हणून जर्मन सोपी म्हणतात, आणि पांढरी एकचा सा धरून शिकवणाऱ्याला ती सोपी आहेही. पण आपण सा तिथे का धरायचा? त्यासाठी सगळी भोकं झाकावी लागतात, आणि आठ वर्षांच्या मुलाची करंगळी तिथवर पोचत नाही.

मी सा पांढरी पाचवर धरला. मागे अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं झाकली की सा. अनामिका उचलली की रे. मधलं बोटही उचललं की ग. अंगठा आणि फक्त मधलं बोट ठेवलं की म, मग अंगठाही काढला की प. पाच सूर एका डाव्या हातात! उजवा हात नुसता वाद्य सावरतो. सा रे ग, रे ग म, ग म प हे अलंकार ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांना येऊ लागले.

पण सा पांढरी पाच झाला की मंद्र नी, म्हणजे साच्या लगेच खालचा नी, येतो काळी तीनवर, आणि जर्मन जात नेमकी तिथे अडते. बोटं अवघड पडतात आणि सूरही स्वच्छ लागत नाही. बरोकवर तोच नी सोपा आहे: डावा हात सा-सारखाच ठेवायचा, उजव्याची तर्जनी उचललेली, मधलं आणि अनामिका खाली. हा नी लवकरच लागतो. राष्ट्रगीताची पहिलीच ओळ घ्या, ‘विधाता’च्या ‘धा’वर सूर मंद्र नीवर उतरतो. वर्गात त्या ओळीचा सराव करताना पाच मुलं दर वेळी तिथेच अडखळायची आणि मी त्यांना बोट नीट ठेव म्हणून रागवायचे. मुलांची काही चूक नव्हती, चूक हातातल्या वाद्याची होती. हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पुढचे पंधरा मी बरोकच घेतले आणि नंतर ते पाचही बदलले. ओळखायची खूण सोपी आहे: वरून चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असेल तर बरोक, पाचवं लहान असेल तर जर्मन.

सूर फाटला की मुलं आणखी जोराने फुंकतात. कारण बहुतेक वेळा बोटात असतं, भोक पूर्ण झाकलेलं नसतं. आम्ही एक तपासणी ठरवली. बोट दाबून धरायचं, मग उलटं करून बघायचं. पेरावर भोकाचा गोल वण पूर्ण उमटला तर ठीक, चंद्रकोर उमटली तर हवा गळते आहे. नोव्हेंबरात एक मुलगी, जी वाचनालाही आवाज काढत नाही, बोट माझ्या नाकाजवळ आणून म्हणाली, ‘‘बाई, बघा, अख्खा गोल!’’ तिच्या अनामिकेवर लालसर, रेखीव वर्तुळ होतं. त्या दिवशी तिचा सा पहिल्यांदा न फाटता चार मात्रा टिकला.

थंडीत आणखी एक प्रकार होतो. श्वासाची वाफ आत गारठून पाणी साचतं आणि आवाज घुसमटतो. वाजवण्याआधी वरचा तुकडा पाच मिनिटं मुठीत गरम करायचा. तरीही तुंबला तर वरची खिडकी, म्हणजे तोंडाच्या तुकड्यावरची चौकोनी फट, तळहाताने झाकून एकदा जोरात फुंकायचं, पाणी निघून जातं. नुसत्या बोटाने खिडकीची धार चोळू नये, ती बिघडली तर आवाज गेला. दर शनिवारी कोमट साबणाच्या पाण्यात धुणं. प्रत्येकाचा नग वेगळा, त्यावर नाव, आणि कुणी कुणाचा तोंडाला लावायचा नाही, सख्ख्या भावाचाही नाही. सांधे घट्ट बसू लागले तर चिमूटभर व्हॅसलीन.

उणिवाही आहेत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, यावर नीट निघत नाही, त्यामुळे आपलं गाणं त्यात पूर्ण मावत नाही. म्हणून आधी गायचं, मग वाजवायचं, हा क्रम मी कधी मोडला नाही. फळ्यावर सरगम लिहिते, मंद्र सुराखाली टिंब देते. अर्धा वर्ग टाळ घेऊन केरव्याच्या आठ मात्रा धरतो, अर्धा वाजवतो, मग अदलाबदल. एकोणीस रेकॉर्डर एकदम वाजले तर बंद खोलीत कान दुखतात, त्यामुळे पाऊस नसेल तेव्हा आम्ही चिंचेखाली बसतो.

स्वस्त दीडशे रुपयांचा नगही एक आणून पाहिला. एकटा वाजवला तर चालतो, पण दुसऱ्याबरोबर तोच सा वाजवला की सूर थरथरतो. मुलांचा कान घडायच्या वयात हे नको. थोडे कमी घ्या, पण एकाच बनावटीचे घ्या.

यंदा तिसरीत येणाऱ्यांच्या हातात मी जूनला रेकॉर्डर देणार नाही. दिवाळीपर्यंत गाणं, टाळ्या आणि टाळ. त्यांची बोटं अजून फार कोवळी आहेत, आणि चौथीची मुलं त्यांना अख्खा गोल कसा उमटवायचा ते आतापासूनच दाखवू लागली आहेत.