विकायच्या फ्लॅटसाठी व्हाइट सिमेंट पुट्टी
घर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी भिंतीवर हात फिरवतं, म्हणून रंगाआधी भिंत गुळगुळीत करणाऱ्या या पुट्टीवरचा खर्च सार्थकी लागतो. मात्र ओल आलेल्या भिंतीवर ती लावूच नका. गळती थांबवली नसेल तर पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, आणि ओल झाकून घर विकणं ही घेणाऱ्याची फसवणूकच.

सुटा रंग पत्र्याने खरवडून भिंत हलकी भिजवा. पुट्टीच्या किलोभर पावडरला साधारण 400 मिली पाणी. गुठळ्या मोडेपर्यंत 10 मिनिटं घोटा. दोन तासांत संपेल तेवढीच कालवा, कारण घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घातलं की पकड जाते. दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटर. जाड थापली की केसासारख्या चिरा पडतात. ड्रिलची खोल भोकं आधी सिमेंट-वाळूने भरून वाळू द्या. वाळलेली पुट्टी घासताना मास्क हवाच.