बारावीनंतरचा इंजिनीअरिंग ब्रिज कोर्स: पहिलं सेमिस्टर संपल्यावरचा हिशोब

उन्हाळा लागला की सांगलीत विश्रामबागच्या बाजूला ‘फाउंडेशन’, ‘ब्रिज कोर्स’ असे बोर्ड झळकायला लागतात. त्यातल्याच एका सहा आठवड्यांच्या, रोज तीन तासांच्या कोर्सबद्दल हे लिहितोय. क्लासचं नाव देत नाही, कारण साचा सगळीकडे जवळपास हाच असतो: एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं इंजिनीअरिंग गणित), ग्राफिक्स (इंजिनीअरिंग ड्रॉइंग), सी प्रोग्रामिंग आणि शनिवारी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. कोर्सच्या शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्मवर सगळे ‘उत्तम’च लिहितात. खरं काय ते एंड-सेमचा निकाल लागल्यावर दिसतं.

सगळ्यात जास्त वसूल झालं ते ग्राफिक्स. सायन्सच्या बहुतेक मुलांनी बारावीपर्यंत ड्रॉइंग बोर्डाला हात लावलेला नसतो. कॉलेजात शीट भराभर पुढे जातात, मग जीटी मारणं (काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवणं) सुरू होतं आणि परीक्षेत कोऱ्या शीटसमोर हात थांबतो. या कोर्सात पहिले काही दिवस नुसती साधनं आणि रेघा होत्या. ड्राफ्टर (रेघा मारायची पट्ट्यांची जोडणी) बोर्डाच्या वरच्या डाव्या बाजूला घट्ट आवळायचा. स्क्रू सैल राहिला तर वरची रेघ सरळ येते, खालची तिरकी जाते आणि चूक कुठे झाली तेच सापडत नाही. कन्स्ट्रक्शनच्या रेघा टू-एच पेन्सिलीने अगदी फिक्या, आउटलाइन एच किंवा एचबीने. मग फर्स्ट अँगल, म्हणजे व्ह्यू मांडायची आपल्याकडची पद्धत: फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू त्याच्या खाली, डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. गडबड इथेच होते, कारण यूट्यूबवरचे अमेरिकी व्हिडिओ थर्ड अँगलमध्ये, म्हणजे उलट मांडणीत असतात आणि मुलं दोन्हींची खिचडी करतात. ज्यांनी इथे रोज एक शीट स्वतः काढली, त्यांना सबमिशनच्या आठवड्यात रात्री जागवाव्या लागल्या नाहीत.

एम-वनवर मात्र वेळ वाया गेला. क्लासने थेट मॅट्रिक्समधल्या आयगेन व्हॅल्यू शिकवल्या. कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेशफेऱ्या) उरकून कॉलेज सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो, तोवर त्या विसरल्या आणि कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून झाल्याच. अडचण अभ्यासक्रमाची नव्हतीच, लिहिण्याची होती. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, निगेटिव्ह मार्किंग नाही, सगळे बहुपर्यायी. दोन वर्षं पर्याय घालून उत्तर काढायची सवय लागलेल्या मुलाला पायऱ्या मांडता येत नाहीत आणि कॉलेजात मार्क पायऱ्यांनाच असतात. त्यापेक्षा चेन रूल, पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि कॉम्प्लेक्स नंबर एवढंच रोज दोन पानं लिहून घेतलं असतं तर पार्शल डेरिव्हेटिव्हला कुणी अडकलं नसतं. कॅल्क्युलेटरचा मोडही कुणी तपासायला सांगत नाही. रेडियनवर राहिला तर सायन ३०चं उत्तर ०.५ऐवजी उणे ०.९८८ येतं आणि अख्खं गणित जातं.

सी प्रोग्रामिंग प्रोजेक्टरवर दाखवलं, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. पाच भागिले दोनचं उत्तर सी-मध्ये दोनच का येतं, इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड (& हे चिन्ह) राहिला तर प्रोग्राम का बंद पडतो, हे स्वतः टाइप केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटबद्दल न बोललेलं बरं.

जाहिरातीत नसलेलं एक सत्र मात्र फीच्या मोलाचं निघालं, ते कागदपत्रांचं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत येत्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी, गेल्या वर्षीचं संपलेलं चालत नाही. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा, निकालानंतर धावाधाव केली तर हाती फक्त पावती राहते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी खातं आधारशी नुसतं जोडलेलं पुरत नाही, एनपीसीआय मॅपिंग (सरकारी पैसे घ्यायला आधारवर नोंदवलेली एकच बँक) ज्या बँकेचं, पैसे त्याच बँकेत जातात. जुनं खातं बंद पडलेलं असेल तर रक्कम अडकते. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींची फीमाफी (२०२४ पासून, उत्पन्न आठ लाखांपर्यंत) कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. हे ऐकून दोन-तीन पालकांनी तिथेच विचार बदलला.

खर्चात प्रवास धरा. तासगाव, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या मुलांना खासगी क्लाससाठी एसटीचा विद्यार्थी पास मिळत नाही, पूर्ण तिकीट पडतं. मुलींना निम्मं. एप्रिलच्या बॅचला जाऊच नका, मध्येच सीईटी येते आणि दोन्हीकडचं राहतं. सीईटीनंतरची बॅच बरी.

कोर्सला पाचपैकी तीन गुण, त्यातले दोन एकट्या ग्राफिक्सचे. फी भरण्याआधी आत जाऊन बोर्ड आणि कॉम्प्युटर मोजा, एका कॉम्प्युटरवर तिघे बसणार असतील तर नुसत्या ग्राफिक्सची फी विचारा, घासाघीस केली की देतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांच्या हा कोर्स कामाचा नाही. ड्रॉइंग त्यांचं झालेलं असतं, ते अडतात एम-थ्रीला (दुसऱ्या वर्षाच्या गणिताला), आणि त्याची बॅच या क्लासात तरी नव्हती.