ट्रॅकची जुनी पोर्श विकायला दिली होती, त्या दुकानाबद्दल

आधीच सांगतो, हे दुकान सगळ्यांसाठी नाही. चकाचक ओरिजिनल जुनी गाडी असेल तर सरळ ऑनलाइन ऑक्शनला टाका, कुठेही विकली जाईल. माझी होती 1987 ची पोर्श 944, साधी आठ व्हॉल्व्हवाली, टर्बो नाही, आणि रेस ट्रॅकसाठी केलेली म्हणजे मागे रोल बार (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून लोखंडी कमान), बकेट सीट, हार्नेस म्हणजे रेसचे सीट बेल्ट, कडक सस्पेन्शन, कार्पेट काढलेलं, एसी काढलेला. अशी गाडी बघून निम्मे लोक पळतात आणि उरलेले भाव पाडून मागतात. आपल्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर टाकली तर पहिला प्रश्न "एसी नाही मग बायको बसेल का", म्हटलं जाऊ दे.

ह्यांच्याकडे कन्साइनमेंटवर दिली, म्हणजे गाडी त्यांच्याकडे ठेवायची, विकली की कमिशन त्यांचं. मालक स्वतः ट्रॅकवर जाणारा माणूस आहे आणि ते लगेच कळतं. बाकीचे डीलर पेंटला हात लावतात, हा थेट खाली आडवा झाला आणि टॉर्च मारून रोल बार फ्लोअरला जिथे बसवलाय तिथल्या प्लेटा बघत बसला, मग हार्नेसची लेबलं उलटून तारखा वाचल्या कारण बेल्टला एक्स्पायरी असते आणि ट्रॅकवर तपासणीत तेच बघतात. तिसरा प्रश्न, टायमिंग बेल्ट कधी बदलला, बिल आहे का. 944 वाल्यांना माहितीये, हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते. आणि ट्रॅकवरची 944 म्हटलं की दोन नंबरच्या रॉड बेअरिंगची भीती असतेच, लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि नेमकं तेच बेअरिंग उपाशी राहतं. माझ्या गाडीत ऑइल पॅनला बॅफल (ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून आतल्या पट्ट्या) टाकलेले होते, बिलासकट, ते त्याने जाहिरातीत सगळ्यात वर लिहिलं, रोल बारच्याही वर. मला हे फार पटलं.

मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा परत मिळत नाही हे त्याने तोंडावर सांगितलं, गोड बोलून आकडा फुगवला नाही. उलट म्हणाला ओरिजिनल पार्ट असतील तर सगळे आण. मी जुन्या सीट, एअर फिल्टरचा डबा, एसीचा कॉम्प्रेसर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं सगळं गॅरेजमधून उचलून नेलं, त्याने ते गाडीशेजारी जमिनीवर मांडून फोटो काढले. ज्याने शेवटी गाडी घेतली तो आधी त्या खोक्यांपाशीच उकिडवा बसला, गाडीकडे नंतर गेला.

आता कॅलिफोर्नियात असाल तर हा भाग नीट वाचा. 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, माफ आहे, 1976 पासूनच्यांना नाही, आणि सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही. म्हणजे 1987 च्या गाडीला कन्व्हर्टर परत बसवा, नंतर लावलेला उघडा कोन एअर फिल्टर काढून मूळ डबा लावा (नुसता धूर नाही, डोळ्याने पण तपासतात), मग डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून, टेस्ट. हे सगळं ह्यांनी करून दिलं आणि गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. सर्टिफिकेट 90 दिवसच चालतं, त्यामुळे गिऱ्हाईक दिसायला लागल्यावरच करायचं हे पण त्यांनीच सांगितलं.

वाईट काय ते पण लिहितो. न विचारता डिटेलिंग करून बिल लावलं. अरे ट्रॅकची गाडी आहे, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके असणारच, त्याला पॉलिश कशाला? भांडल्यावर निम्मं कमी केलं. जाहिरातीच्या पहिल्या मसुद्यात "फारशी न चालवलेली" असं कायतरी लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं कारण लगुना सेका आणि थंडरहिल या रेस ट्रॅकचे स्टिकर काचेवरच होते. शनिवार-रविवार फोन उचलत नाहीत, बहुतेक स्वतःच ट्रॅकवर असतात. आणि एका पोराला टेस्ट ड्राइव्ह दिली, त्याने थंड इंजिन सरळ रेड लाइनपर्यंत नेलं, मी तिथेच उभा होतो, माझा जीव वर आला. इथे दुकानाच्या माणसाने शेजारी बसून आवरायला हवं होतं.

कमिशन दहा टक्के, जास्त वाटतं खरं, पण मी स्वतः विकली असती तर अनोळखी लोकांना शेजारी बसवून फिरवत बसलो असतो आणि किंमत पण एवढी आली नसती. चार स्टार.

पिंक स्लिपवरच्या (गाडीच्या मालकीचा कागद) सह्या वगैरे ते करून देतात, पण गाडी गेल्यावर डीएमव्हीला (इथलं आरटीओ) रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी विकली आता जबाबदारी माझी नाही ही नोटीस, पाच दिवसांत भरायची असते ती स्वतः ऑनलाइन भरून टाका, नाहीतर पुढचे पार्किंग तिकीट तुमच्या नावावर येतील. आणि नंबर प्लेट गाडीबरोबरच जाते, पण काचेवरचा टोलचा फास्टट्रॅकचा डबा आठवणीने काढून घ्या.